कुणाच्या कार्डावर वळता?

अर्थतज्ज्ञ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं टीव्हीवरचा टाय लावलेला माणूस येतो. महागाई वाढली की ती का वाढली हे सांगतो, आणि कमी झाली की तेही आपल्याला आधीच ठाऊक होतं म्हणतो. असल्या माणसांवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यामुळं आमच्या सोलापूरच्या साखर पेठेतल्या सावित्रम्माची पोरगी वैजयंती येमूल दिल्लीत माहिती संरक्षणाच्या कुठल्याशा सरकारी कार्यालयात वरिष्ठ अर्थतज्ज्ञ झाली हे कळलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "माहितीला कसलं आलंय अर्थशास्त्र? माहिती काय किलोवर विकतात?"

बसम्मा म्हणाली, "तुमची कुणी फुकटसुदीक घेणार न्हाय. तुमी कशाला काळजी करताय?"

मी गुरुशांत कलशेट्टी. एका विडी कारखान्याच्या ब्रँचवर मी चौतीस वर्षं कारकुनी केली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बायका ब्रँचवरून पान आणि तंबाखू घरी नेतात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून दुसऱ्या दिवशी ब्रँचवर आणतात. कारकून मोजतो, वाईट वळलेल्या बाजूला काढतो आणि उरलेल्यांचा आकडा बाईच्या कार्डावर चढवतो. ते कार्ड म्हणजे सगळं काही. फंड, बोनस, दवाखाना, घरकुल, म्हातारपणी पेन्शन, सगळं त्या कार्डावर. कार्ड नसेल तर ती बाई विडी कामगारच नाही, मग तिची बोटं झिजून गेली असली तरी.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं लबाडीचं होईल. सावित्रम्माचं कार्ड माझ्यामुळं बंद झालं. ब्याण्णव साल. माझ्या वडिलांना घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेलो होतो. तिथं छातीच्या आजाराच्या रांगेत सावित्रम्मा पदर तोंडाला लावून बसलेली दिसली. दुसऱ्या दिवशी मालकांबरोबर चहा घेताना मी सहज बोलून गेलो. मनात काही वाईट नव्हतं, पण जीभ सैल होती. मालकांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, तिला उद्यापासून पान देऊ नका.

सावित्रम्मा सात-आठ महिन्यांत ठणठणीत बरी झाली. कार्ड मात्र पुन्हा उघडलं नाही. नवरा यंत्रमागावर, त्याचं काम आज आहे तर उद्या नाही. कार्ड बंद झाल्यावर तिनं या भागात बायका करतात तेच केलं. शेजारणीच्या कार्डावर वळायला लागली. शेजारणीच्या आठशे, हिच्या आठशे, कार्डावर सोळाशे. मी डोळ्यांवर कातडं ओढून रोज सोळाशे लिहायचो, आणि वर आपण तिच्यावर उपकार करतोय असं मला वाटायचं.

कट्टे घेऊन वैजयंती यायची. नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्या, टोपलीच्या ओझ्यानं मान वाकडी. एक दिवस तिनं कार्डावरचा आकडा वाचला आणि मोठ्यानं विचारलं, "अण्णा, एका बाईच्या हातून एवढ्या होतात का?"

"गप," मी म्हणालो, "तुझ्या आईच्या पोटावर पाय येईल."

पोर गप बसली. पुढं शिकत गेली, पुण्याला गेली, तिथून दिल्लीला गेली. मी निवृत्त झालो. आणि गेल्या वर्षी दिवाळीनंतर, मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा ती पुढ्यात येऊन उभी राहिली. बेचाळीस वर्षांची बाई, केसांत पांढरी बट, खांद्याला कापडी पिशवी. तिनं मुकाट्यानं चार शेंगा उचलल्या आणि फोडायला बसली.

"अण्णा," ती म्हणाली, "मला एक शून्य खोटं पाडायचंय."

मग तिनं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं विडी कामगार बायकांसाठी फुप्फुसांच्या तपासणीचं शिबिर घेतलं. चौसष्ट बायकांच्या छातीत दोष निघाला. संस्थेतल्या कुणीतरी ती यादी, नाव, पत्ता, फोन नंबर आणि आजारासकट, एका फोनवर पाठवली. तिथून ती या फोनवरून त्या फोनवर फिरत ब्रँचवाल्यांकडं पोचली. आठवड्याभरात चौसष्ट कार्डं बंद.

ती तक्रार दिल्लीत वैजयंतीच्या कार्यालयात गेली. नेमका तेव्हाच तिथं एक नवा नियम शिजत होता. लहान संस्थांना माहिती जपण्याच्या कडक अटींतून सूट द्यायची. यादी फुटली तरी कुणाला कळवायला नको, दंड नको. कारण काय, तर अटी पाळायला खर्च येतो आणि लहान संस्थांना तो झेपत नाही. हे अगदीच चूक आहे असंही वैजयंतीचं म्हणणं नव्हतं. तिचं काम एवढंच की तराजूच्या एका पारड्यात तो खर्च ठेवायचा, दुसऱ्यात लोकांचं नुकसान ठेवायचं आणि काटा कुठं झुकतो ते सांगायचं. माहितीचं अर्थशास्त्र म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"नुकसानाच्या पारड्यात काहीच नाही. आमच्या कार्यालयानं नेमलेल्या कंपनीनं त्या चौसष्टही बायकांना फोन केले. विडीचं काम चालू आहे का, असं विचारलं. चौसष्टही जणी 'व्हय' म्हणाल्या. ब्रँचचं उत्पादन पाहिलं, तेही जवळपास तेवढंच. माझ्या टेबलावर अहवाल आला, नुकसान शून्य. त्याखाली माझी सही पाहिजे."

मला तो जुना सोळाशेचा आकडा आठवला. माझ्या लक्षात आलं होतं, आणि तिच्याही आलेलं असणार.

"दिल्लीतल्या माणसाला कार्ड कळत नाही, अण्णा. बाई घरात बसून वळतेय म्हणजे काम चालू. मी सही केली नाही. एक महिन्याची मुदत घेतली आणि इकडं आले."

माझ्याकडं येण्याआधी चार दिवस ती कुंभारीच्या विडी घरकुल वसाहतीत बायकांबरोबर बसली होती. प्रश्नांचा कागद पिशवीतच ठेवला आणि मांडीवर सूप घेतलं. पंचवीस वर्षांत हाताची सवय मोडली होती. पहिल्या दिवशी तिच्या विड्या बघून बायका पोट धरधरून हसल्या. "दिल्लीच्या विडीला पोट सुटलंय की!" दुसऱ्या दिवशी विडी जरा सरळ यायला लागली. तिसऱ्या दिवशी तिनं कात्रीनं पान कापता कापता, मान वर न करता विचारलं, "कुणाच्या कार्डावर वळता?"

मग एक जण बोलली. तिला मी सरदारबी म्हणतो, ते तिचं नाव नाही. वैजयंतीनं मला तिचं नाव कधीच सांगितलं नाही आणि एवढ्या दिवसांत मीही न विचारायला शिकलो. सरदारबी म्हणाली, "देवरानी के कारड पे, और किसके? काम हमारा, फंड उसका." देवरानी म्हणजे धाकटी जाऊ.

त्यानंतर एकेक तोंड उघडत गेलं. चौसष्टपैकी एक्कावन्न जणी दुसरीच्या कार्डावर वळत होत्या. उरलेल्या तेरा घरी बसल्या होत्या. फोनवर त्या 'व्हय' का म्हणाल्या, तर न जाणो, 'न्हाय' म्हटलं आणि ब्रँचला कळलं, तर उसनं कार्डही जायचं.

"आता तुम्हाला विचारायला आले," वैजयंती म्हणाली. "बायकांची नावं मी देणार नाही, तसा शब्द दिलाय. ब्रँचकडून मी कार्डांचे आकडे मागवलेत, नावांशिवाय. त्यात दिसतं की यादी फुटल्यावर पन्नासेक कार्डं अचानक दुप्पट झाली. पण एका बाईच्या हातून तेवढ्या होत नाहीत, हे सांगायला आतला माणूस पाहिजे. तुम्ही सांगाल का?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दिल्लीचे साहेब होते. ती ओट्यावरच बोलली, मला ऐकू जाऊ नये म्हणून उठलीसुद्धा नाही. "नाही सर. शून्यावर सही करणार नाही. तो आकडा चुकीचा आहे." पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. "मग दुसऱ्या कुणाला करू द्या. पण सुनावणी सोलापुरात घ्या. ज्यांची माहिती फुटली त्यांना दिल्लीला यायला जमणार नाही." पुन्हा बोलणं आलं. "हो, लेखी मागणी देते. आजच देते." फोन ठेवला आणि पुढची शेंग उचलली. मी चौतीस वर्षांत मालकांशी असं एक वाक्य बोललो नव्हतो.

आणि मी तिला काय सांगितलं? म्हणालो, "बाई, मी म्हातारा माणूस. या वयात मला हे झेंगट नको."

खरं कारण वेगळं होतं. सुनावणीत उभं राहून एक धागा ओढला की सगळंच उसवलं असतं, थेट ब्याण्णवच्या चहापर्यंत. तिला तो चहा ठाऊक नाही असं मी धरून चाललो होतो.

तिनं आग्रह केला नाही. "बरं. सुनावणी महिनाअखेरच्या सोमवारी आहे, अकरा वाजता," एवढं म्हणाली आणि टरफलं गोळा करून गेली. आग्रह केला असता तर मला चिडता आलं असतं. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

बसम्मा आतून सगळं ऐकत होती. "पोर मागायला काय आली, आन् तुमी शेंगा चारून वाटंला लावली," ती म्हणाली. दोन दिवस तिनं मला भाकरी वाढली, पण माझ्याशी बोलली नाही.

त्या सोमवारी मी गेलो. नुसतं बघायला, असं बसम्माला सांगितलं. तिची मागणी मान्य झाली होती, सोलापुरातल्याच एका कॉलेजचं सभागृह होतं. मंचावर नियामकाचे, म्हणजे वैजयंतीच्याच कार्यालयाचे दोन सदस्य, एका बाजूला लहान संस्थांच्या महासंघाचे वकील, दुसऱ्या बाजूला वैजयंती. मागं शंभरेक बायका पदर सावरून बसलेल्या. मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो, खांबाच्या आड.

वैजयंती उठली. आधी तिनं सांगितलं की माझी आई विडी कामगार होती आणि हे मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. मग तिनं पडद्यावर आकडे दाखवले. यादी फुटण्याआधी या भागात रोजच्या हजारावर सरासरी असलेलं एकही कार्ड नव्हतं. यादी फुटली, चौसष्ट कार्डं बंद झाली, आणि त्याच महिन्यात पन्नासेक कार्डं पंधराशे-सोळाशेवर गेली. "उत्पादन जवळपास तेवढंच राहिलं," ती म्हणाली, "कारण बहुतेक बायका वळतच राहिल्या. फक्त त्यांची नावं कागदावरून गेली."

वकील उठले. माणूस गोड बोलणारा. म्हणाले, "महोदय, ही तर सोलापूरच्या भगिनींच्या कौशल्याची कमाल आहे. सोळाशे विड्या! आपण त्यांचं अभिनंदन करायला हवं. यात नुकसान कुठं आहे?" पुढच्या रांगेतले काही जण हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "श्रीमती येमूल, त्या एक्कावन्न बायकांची नावं द्या. आम्ही पडताळणी करतो, विषय संपला."

"नावं मी देऊ शकत नाही."

"नियामकालाही नाही?"

"नियामकाकडं दिलेला पुरावा दुसऱ्या पक्षाला बघायचा हक्क आहे. म्हणजे नावं ब्रँचवर जातील. यादी फुटल्यानं काय नुकसान होतं ते मोजायला मी आलेय, सर. ते मोजण्यासाठी मीच आणखी एक यादी फोडणार नाही."

"मग तुमचं म्हणणं केवळ अंदाज म्हणून नोंदवावं लागेल. आणि अंदाजावर सूट रोखता येणार नाही."

"अंदाज म्हणून नोंदवा. पण शून्य नोंदवू नका. शून्याखाली माझी सही मिळणार नाही."

आवाज ठाम होता. पण तिचा डावा अंगठा तर्जनीवर एकसारखा फिरत होता, विडीचं तोंड दुमडताना फिरतो तसा. सावित्रम्मा ब्रँचच्या रांगेत काळजीनं उभी असली की तिचाही अंगठा असाच फिरायचा. ते बघून मला बसवेना. मी कधी उठलो ते माझं मलाच कळलं नाही.

"मला बोलायचंय," मी म्हणालो. "गुरुशांत कलशेट्टी. विडी ब्रँचवर चौतीस वर्षं कारकून."

मला पुढं बोलावलं. माईक हातात दिला. मी सांगितलं, "दिवसाला हजार झाल्या तर त्या बाईचा दिवस चांगला गेला म्हणायचा. घरचं करून आठशे. सोळाशे एका बाईच्या हातून होत नाहीत. मी सोळाशे लिहिल्यात, रोज, अकरा वर्षं. त्या दोन बायकांच्या होत्या. ब्रँचवर सगळ्यांना ठाऊक असतं. मालकाला विडी पाहिजे असते आणि बाईला काम पाहिजे असतं, म्हणून कुणी बोलत नाही."

वकील म्हणाले, "अकरा वर्षं खोटं लिहिलंत, मग आजच सत्य कसं आठवलं?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं खरं उत्तर एकच होतं.

"कारण त्या बाईचं कार्ड माझ्यामुळं बंद झालं होतं," मी म्हणालो. "ती छातीच्या दवाखान्यात दिसली आणि मी मालकांना सांगितलं. तेव्हा फोन नव्हते, यादी नव्हती. माझं तोंडच पुरेसं होतं. बाई बरी झाली, पण तिचं नाव परत आलं नाही. तिनं रोज विड्या वळल्या आणि सरकारी कागदात ती रिकामी बसलेली आहे. वकीलसाहेब, तुम्ही विचारलंत नुकसान कुठं आहे, ते तिथं आहे."

वैजयंतीकडं बघायची मला छाती झाली नाही.

"कोण ही बाई? नाव सांगा," वकील म्हणाले.

"नाव सांगायला मला तिची परवानगी नाही. एकदा न विचारता सांगितलं, तेवढं पुरे."

तेव्हा मागून आवाज आला. "परवानगी कशाला मागताय, अण्णा? मी हितंच हाय की."

सावित्रम्मा. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, सत्तरीची म्हातारी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून तिनं जुनं, कडा कुरतडलेलं कार्ड काढलं आणि वर धरलं. "लिवा माझं नाव. सावित्रम्मा मल्लय्या येमूल. ही पोर माझी हाय म्हून बोलत न्हाय. हिनं मला येऊ नगं म्हणून सांगितलंतं. माझं नाव माझं हाय, मला द्याचं तर मी देईन. ह्या बाकीच्या पोरींची विचारू नका. त्यांची चूल त्याच्यावर हाय."

वकिलांनी हरकत घेतली, या तर अहवाल लिहिणाऱ्या बाईंच्या मातोश्री. ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ते पहिल्या पानावरच लिहिलंय, बसा. मग टायपिस्टकडं वळून म्हणाले, "नाव लिहून घ्या. पूर्ण."

बाहेर आल्यावर वैजयंती कॉलेजच्या फाटकापाशी पाणी पीत उभी होती. मी जवळ गेलो. सत्तर वर्षांचा माणूस, पण छडी खायला आलेल्या पोरासारखा उभा राहिलो.

"तुला ठाऊक होतं?"

"दहा वर्षांची होते तेव्हापासून. अम्मानं दवाखान्यात तुम्हाला बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी कार्ड बंद. तिला काय कळणार नाही?"

"मग त्या दिवशी ओट्यावर बोलली का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर मी निमूट आलो असतो."

"म्हणूनच नाही बोलले. दडपण आणून काढलेली साक्ष मी अहवालात घेत नाही, अण्णा. तुमची तुम्ही द्यायला पाहिजे होती." मग म्हणाली, "आणि मला तुमचा राग होता. अजून आहे. पण आज तुम्ही उठलात, तेही मी विसरणार नाही."

मी माफी मागितली. ती "बरं" म्हणाली. त्याहून जास्त मिळावं असं मी काही केलेलंही नव्हतं.

तीन महिन्यांनी निर्णय आला. लहान संस्थांना बाकीची सूट मिळाली, पण आरोग्याच्या माहितीला नाही. एका बाईच्याही आजाराची माहिती फुटली तरी कळवायचं आणि भरपाई द्यायची. अहवालाखाली वैजयंतीची सही आहे. चौसष्टपैकी बावीस कार्डं आतापर्यंत उघडली. उरलेल्यांसाठी ती दर महिन्याला कामगार खात्याला पत्र लिहिते. हे तुझ्या कामात बसतं का, असं मी फोनवर विचारलं. नाही म्हणाली, रविवारी लिहिते.

अहवालाची प्रत घेऊन ती साखर पेठेत आली तेव्हा सावित्रम्मानं मलाही बोलावणं धाडलं. चहा झाला. मी कप हातात घेऊन गप्पच होतो. वैजयंतीनं एक्केचाळिसावं पान काढलं आणि आईला आधी मराठीत, मग तेलुगूत वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की सावित्रम्मा मल्लय्या येमूल यांनी अकरा वर्षं दुसऱ्याच्या कार्डावर विड्या वळल्या.

"परत वाच," सावित्रम्मा म्हणाली. वैजयंतीनं परत वाचलं. म्हातारीनं डोळे पुसले आणि मान हलवली.

"अकरा न्हाय. साडेअकरा व्हती."

वैजयंतीनं माझ्याकडं बघितलं. मी बोटांवर महिने मोजले. ब्याण्णवच्या मार्चपासून दोन हजार तीनच्या सप्टेंबरपर्यंत, ज्या महिन्यात सावित्रम्माचे डोळे अधू झाले आणि त्या कार्डावरचा आकडा पुन्हा आठशेवर आला. दवाखान्यात गेलेले सुरुवातीचे महिने वजा करायचे का, असं मी तोंडातल्या तोंडात म्हणालो.

"रोज दवाखान्यातनं आल्यावर बी वळत व्हते," सावित्रम्मा म्हणाली. "एक दिस सोडला न्हाय."

बाईचं बरोबर होतं. वैजयंतीनं पिशवीतून कोरा कागद काढून दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. सावित्रम्मानं त्यावर तेलुगूत सही केली, आणि खाली साक्षीदार म्हणून मी माझं नाव लिहिलं.